पुन्हा मिराज

१९८५ मध्ये ग्वाल्हेरच्या हवाई तळावर मिराज २००० दाखल झाली, तेव्हा शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून तिचा त्रिकोणी पंख पाहणे हा माझा छंदच होता. म्हणून कित्येक दशकांनी प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याकडे वळताना मी तेच विमान निवडले. १:७२ या प्रमाणात सुमारे १४.४ मीटरांचे विमान २० सेंटिमीटरांत मावते. पातळ सिमेंट, म्हणजे प्रतिकृती जोडण्याचा द्रव गोंद, पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे दोन्ही काठ विरघळवून एकजीव करते, त्यामुळे भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत आणि मगच ब्रशचे टोक सांध्याला लावावे. द्रव आपोआप आत ओढला जातो. पंख आणि धड यांचा सांधा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रंग फट झाकत नाही, उलट उठावदार करतो. डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर द्यावा, म्हणजे त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी डाग पडत नाहीत.