टेबलवर घ्यायचं की टेबलवरून काढायचं?

ऐरोलीच्या ऑफिसात माझी पहिली तीन वर्षं लंडनच्या क्लायंटबरोबर गेली, त्यांच्याकडे 'लेट्स टेबल इट' म्हणजे विषय आत्ता चर्चेला घेऊ. मग प्रोजेक्ट बदललं, क्लायंट अमेरिकन आला, आणि एका रात्रीच्या कॉलवर मी सर्व्हरचा अर्जंट मुद्दा काढून मोठ्या ऐटीत म्हटलं, 'लेट्स टेबल धिस'. तो 'शुअर' म्हणाला आणि सरळ पुढच्या मुद्द्यावर गेला. मी आपला वाट बघतोय, आत्ता विचारेल, मग विचारेल. कॉल संपला. दोन दिवसांनी तोच सर्व्हर बसला आणि मॅनेजरने माझे असे कान उपटले की बास! अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, बरोब्बर उलटं.

नंतर कळलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारीसुद्धा याच शब्दावरून भांडले होते, चर्चिलनेच लिहून ठेवलंय. एक म्हणे अर्जंट आहे म्हणून टेबल करा, दुसरा म्हणे अर्जंट आहे म्हणूनच करू नका, आणि बऱ्याच वादावादीनंतर लक्षात आलं की दोघांना हवंय एकच. वाचून जरा बरं वाटलं मला.

शाळेत घोकलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पण मी लंडनवाल्याला ऐकवलं होतं, बाहेर जुलैचा पाऊस धो धो. तो हसला, म्हणाला माझी आजी असं बोलायची. चूक नव्हतं हो, पण आपल्याकडे कोणी पंचविशीतला पोरगा 'मुसळधार पर्जन्यवृष्टी होत आहे' म्हणाला तर कसं वाटेल, तसं.

आणि शब्द बदलला की तर संपलंच. आमच्या टीममधला एक चेन्नईचा मित्र हौसेने मराठी शिकतोय, ठाणे-वाशी लोकलमध्ये एकदा मोठ्याने म्हणाला, 'पोटात कबुतरं ओरडतायत'. अख्खा डबा हसला. त्याचा प्रश्न बरोबर होता म्हणा, कावळे चालतात मग कबुतरं का नाही? काय सांगणार, कान भरणं वेगळं, कान टोचणं वेगळं, याला कारण असतं का कुठे? तेव्हापासून मी पण नवीन इंग्लिश वाक्प्रचार दोन-तीन जणांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कॉलवर वापरत नाही, क्लायंट कुठल्या देशाचा ते आधी बघतो.

कबुतरं मात्र राहिली. रोज एक वाजला की टीमच्या ग्रुपवर कबुतराचा इमोजी येतो आणि सगळे डबे घेऊन उठतात.