आमची वाटचाल : चार कार्डं आणि एक डमी

2008 साली दादरला एका मेसच्या वरच्या खोलीत आम्ही दोघांनी आरोग्य मोहिमांचा परिणाम मोजणारी फर्म काढली. भागीदार आकडेवाला, मी फील्डचा. एनएसीपीचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा, तिसरा टप्पा चालू होता, एमएसएम (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष) प्रकल्पांकडे पैसा होता. कंडोमची, एचआयव्ही तपासणीची पत्रकं छापणारे ढीगभर. छापून काय झालं, हे विचारणारे कमी.

आमचं हत्यार म्हणजे पाच कार्डं. पोस्टकार्डाएवढी, लॅमिनेट केलेली. चार मोहिमेतल्या पोस्टरांची. पाचवं डमी, म्हणजे आम्हीच बनवलेलं, कुठेही न लावलेलं. आधी काही न दाखवता विचारायचं, ‘तपासणीबद्दल एवढ्यात काय पाहिलंत?’ मग कार्डं मांडायची. पहिल्याच पायलटला एकाने डमी उचललं. ‘हे ना, अंधेरीच्या पुलावर बघितलं!’ लबाडी नव्हती त्यात. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणूस हो म्हणून जातो. डमीला किती होकार पडले ते बघितल्याशिवाय खऱ्या पोस्टरचे होकार वाचू नयेत.

सॅम्पलसाठी याद्या नसतातच, म्हणून आरडीएस, म्हणजे ओळखीतून ओळखीत जाणारी निवड. एकाला तीन कूपनं, त्याने आपल्या ओळखीतल्या तिघांना द्यायची. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, कूपन पांढऱ्या कागदावर छापू नका. मुलाखतीच्या मानधनासाठी झेरॉक्स करून आणतात. आम्ही पिवळं कार्डपेपर आणि नंबरिंग मशीन वापरतो.

11 डिसेंबर 2013. एंडलाइन, म्हणजे मोहिमेच्या शेवटची पाहणी, अर्धी झाली होती आणि सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा उभं केलं. दिल्ली हायकोर्टाने 2009 मध्ये हे संबंध गुन्ह्यातून वगळल्यावर माणसं जरा मोकळी बोलू लागली होती. त्या आठवड्यापासून कूपनं परत येईनात, फोन बंद. एकाने सही केलेला संमतीपत्राचा कागद परत मागितला आणि माझ्यासमोर त्याचे बारीक तुकडे केले. ते तुकडेही खिशात घालून घेऊन गेला. क्लायंट म्हणाला, सॅम्पल अपुरं, शेवटचा हप्ता नाही. मार्चमध्ये भागीदाराने बँकेत नोकरी धरली. त्याला दोष देत नाही. भाडं थकलं, मी लॅपटॉप विकला.

तेव्हा ताई आल्या. एका छोट्या संस्थेत समन्वयक, आमच्या अगदी पहिल्या ग्राहक. त्यांनी गटचर्चांच्या टेप उतरवायचं काम दिलं, पैसे आगाऊ. वर म्हणाल्या, ‘जे अर्धं झालंय ते अर्धं म्हणूनच लिही.’ मग निकालाआधीच्या आणि नंतरच्या मुलाखती वेगळ्या काढल्या. एकत्र मोजल्या असत्या तर लोक तपासणीपासून मागे का सरले याचं खापर पोस्टरांवर फुटलं असतं.

पुढची काही वर्षं कामं येत राहिली.

मग एका मोहिमेचं काम आमच्याऐवजी बांद्र्याच्या एका एजन्सीला गेलं. त्यांच्याकडे डेटिंग अॅपवरच्या बॅनरला किती क्लिक पडले, याचा रंगीत ग्राफ. आम्ही त्याच मोहिमेसाठी तपासणी केंद्रावरच्या रेफरल चिठ्ठ्या (तपासणीला पाठवल्याच्या चिठ्ठ्या) मोजायचं कोटेशन दिलं होतं. ‘फार हळू आहे हो तुमचं,’ असं ऐकून परत आलो. अहो, क्लिक करणारा केंद्रापर्यंत पोचला का? आणि कल्याणचा तो लग्न झालेला माणूस, जो स्वतःला गे म्हणवत नाही, बायकोच्या हाती लागेल म्हणून अॅप ठेवत नाही, पोस्टरपुढे थांबायलाही बिचकतो? मोहीम त्याच्यासाठीही होती. तो त्या ग्राफमध्ये कुठे होता? त्यांना बक्षीस मिळालं, आम्हाला त्या वर्षी दोन कामं.

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये समलिंगी संबंध 377 च्या गुन्ह्यातून वगळल्यावर संमतीपत्रावर सह्या पुन्हा होऊ लागल्या. आता प्रेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाच्या, मोहिमा येतात, कार्डं बदलतात. डमी दर वेळी नवं काढतो, कारण जुनं डमी फिरून फिरून ओळखीचं होतं.

गेल्या महिन्यात त्याच एजन्सीतून एका पोराचा फोन आला. ‘सर, ते डमी पोस्टर नक्की कसं करता?’ कोटेशन पाठवलंय. निम्मे आगाऊ.