४२९४९६७२९७ आणि त्याचा शेजारी

आठवडाभर हा एकच आकडा डोक्यात आहे. ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० च्या सुमारास २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणारे ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे पाच आकडे बघितले, सगळे मूळ (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारे), म्हणून त्याला वाटलं पुढचा हापण मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की याला ६४१ ने भाग जातो, ६४१ × ६७००४१७.

ही गोष्ट मला माहीत होती, पण ६४१ च का, हे कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघा, ६४१ म्हणजे ५×१२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४ (^ म्हणजे घात). पहिल्यावरून ५×२^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ (भाग जायला १ कमी), चौथा घात केला की ५^४×२^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ टाका, मिळतं −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला भाग गेलाच! एवढा दहा अंकी आकडा, आणि भागाकार करावाच लागला नाही. मी हे तीनदा लिहून काढलं, नुसतं बघायला.

पण मला खरा आवडला तो दोनने लहान असलेला शेजारी, ४२९४९६७२९५. २^३२ − १ चे अवयव पाडत गेलं की (२^१६ + १)(२^१६ − १), मग परत तसंच, असं करत शेवटी ३×५×१७×२५७×६५५३७ उरतं, म्हणजे फर्माचे पाचही आकडे एका जागी. (पट्टी-कंपासनं काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांत आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी बाजूसंख्यापण हीच.) आता आपला आकडा याच्यापेक्षा फक्त २ ने मोठा, त्यामुळे या पाचांपैकी कुणाचाच त्याला भाग जाऊ शकत नाही, प्रत्येक वेळी बाकी २.

आणि इथेच ते जुळतं. लुका या फ्रेंच गणितज्ञानं १८७८ मध्ये दाखवलं की आपल्या ४२९४९६७२९७ चा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तशा मूळ संख्या लहानापासून घ्या, पहिली २५७, ती शेजाऱ्यामुळे बाद, दुसरी थेट ६४१. पहिल्याच प्रयत्नात सापडतो! ऑयलरकडे ६४ च्या पटीचा नियम होता, तरी त्यालाही १९३, २५७, ४४९, ५७७ नंतर पाचवाच लागतो.

मग राहिला ६७००४१७. तो मूळ आहे का हे कागदावर करून बघितलं. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि लुकाच्या नियमात बसणाऱ्या तिथपर्यंतच्या मूळ संख्या, २५७ सोडून, फक्त चार. ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकार, आणि मूळ ठरला.