शेवरोले 350 ला हायड्रॉलिक लिफ्टर: निवड आणि सेटिंग

माझं शेवरोले 350 (5.7 लिटर, पुशरॉडचं व्ही-एट) 6000 आरपीएमपर्यंत न्यायचं होतं आणि गाडी रोज रस्त्यावर चालवायची होती. लिफ्टर म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर (लोबवर) बसून पुशरॉडमार्फत व्हॉल्व्ह उघडणारा भाग. सॉलिड लिफ्टरला वरचेवर कव्हर उघडून फिलर गेजने फट मोजत बसावं लागतं; हायड्रॉलिकमध्ये आतला प्लंजर ऑइलच्या दाबाने ती फट स्वतःच भरतो, म्हणून हायड्रॉलिकच ठेवले.

जास्त आरपीएमला हायड्रॉलिक लिफ्टर 'पंप अप' होतो म्हणतात. खापर लिफ्टरवर फुटतं, पण मूळ दोष बहुतेक वेळा स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग कमी पडली की लिफ्टर लोबवरून सुटतो, प्ले (मोकळी फट) तयार होतो आणि ऑइलच्या दाबाने प्लंजर वर येऊन तो भरून काढतो. त्याचं कामच ते. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि इंजिन अडखळतं. म्हणून आधी स्प्रिंग ठरवल्या: व्हॉल्व्ह बंद असताना 110 पाउंड, पूर्ण लिफ्टला 300 च्या आसपास. फ्लॅट टॅपेटला (लोबवर घासत चालणाऱ्या, बिनचाकाच्या लिफ्टरला) याहून फार कडक स्प्रिंग लावल्या तर लोब खाल्ले जातात.

रोलर लिफ्टरला (तळाला चाक असलेल्या) ती भीती नाही, पण ते जड असतात, त्यांना आणखी कडक स्प्रिंग लागते. शिवाय जुन्या ब्लॉकला बसवायचे तर जोडपट्टीवाले लिफ्टर आणि वेगळ्या लांबीचे पुशरॉड आले. मी 0.842 इंचाचे फ्लॅट टॅपेटच घेतले, मात्र प्लंजरवर तारेच्या क्लिपऐवजी भक्कम सर्क्लिप (प्लंजरला आत अडवणारी कडी) असलेले. नवीन कॅमला लिफ्टर नवीनच हवेत. दोन नवे लिफ्टर तळाला तळ लावून उजेडाकडे धरले की कडेला बारीक फट दिसते. तळाला हा किंचित फुगवटा असतो आणि लोब किंचित तिरका, म्हणूनच लिफ्टर फिरत राहतो. फिरायचा थांबला की लोब गेलाच.

सेटिंग इंजिन थंड असताना, एकेका सिलिंडरचं. एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक सेट करायचा. इनटेक पूर्ण उघडून जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड बोटांनी फिरवून प्ले संपल्याचं ओळखतात, पण कोरड्या लिफ्टरची आतली स्प्रिंग इतकी मऊ असते की जड लागेपर्यंत प्लंजर दबलेला असतो. मी पुशरॉड वर-खाली हलवून बघतो. खडखड थांबली तो शून्य प्ले.

आता इथून पुढे रॉकरचा (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा) नट किती आवळायचा? नट ज्या स्टडवर बसतो तो 3/8 इंची, इंचाला 24 आटे, म्हणजे एका फेऱ्यात नट 1.06 मिमी उतरतो. प्लंजर मात्र तेवढाच दबत नाही: रॉकर 1.5 रेशोचा (व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या बाजूच्या दीडपट) असल्याने तो 1.67 पट, 1.76 मिमी दबतो. नेहमीच्या वापराला एक फेरा चालतो. मी पाव फेरा दिला, म्हणजे 0.44 मिमी. पंप अप झालंच तर प्लंजर सर्क्लिपपर्यंत तेवढाच चढेल आणि व्हॉल्व्ह 0.66 मिमी उघडा राहील; पूर्ण फेऱ्याला हेच 2.6 मिमी होतं. स्टड 7/16 इंची असेल तर इंचाला 20 आटे, हिशोब बदलतो. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर ते तापल्यावर पुशरॉडपेक्षा जास्त वाढतं आणि प्रीलोड (प्लंजर आधीच दबलेलं अंतर) घटतो. तिथे अर्धा फेरा द्यावा.

लिफ्टर ऑइलने भरलेले असतील तर सेट केल्यावर क्रँक लगेच फिरवू नये. प्लंजर बसेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच असतो, पिस्टनला लागू शकतो.

नव्या कॅमच्या लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, झिंक असलेलं ऑइल, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू होताच 2000 ते 2500 आरपीएमवर वीस-तीस मिनिटं. आयडलवर सोडायचं नाही, कारण लोबला ऑइल मिळतं ते क्रँकने उडवलेलं.

एखादाच टॅपेट वाजत राहिला तर नट पुन्हा पुन्हा आवळण्याआधी स्टड बघावा. जुन्या हेडमधले स्टड ठोकून बसवलेले असतात, कडक स्प्रिंगने वर सरकतात. स्टडांच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवली की उचललेला लगेच दिसतो. त्या जागी आटेवाला स्टड बसवावा.