काबर्ने फ्रँक, सेनेका लेक: ढोबळी मिरचीचा वास ठेवायचा की घालवायचा?

ऑक्टोबर

यंदाही घरच्या लाल वाइनसाठी काबर्ने फ्रँक हेच द्राक्ष. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक या तळ्याच्या पश्चिम काठावरच्या एका बागाईतदाराकडून पन्नास किलो द्राक्षं रॉचेस्टरला घरी आणली. या फिंगर लेक्स भागात लाल वाइन करायची तर मला हेच वाण भरवशाचं वाटतं. काबर्ने सोव्हिन्याँ ही याचीच लेक, सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाणाशी झालेल्या संकरातून जन्मलेली. १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून ते उघड झालं. पण लेकीला पिकायला जास्त दिवस लागतात आणि इथल्या थंडीत तिच्या काड्याही लवकर मरतात. सेनेका १८८ मीटर खोल आहे, सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे काठच्या उतारांवर पारा जरा वर राहतो. तरी युक्रेनहून आलेले डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक १९५० च्या दशकात इथे युरोपीय द्राक्षं जगतात म्हणून सांगत होते, तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. शेवटी १९६२ मध्ये त्यांनी शेजारच्या क्युका लेकवर स्वतःचीच वाइनरी काढली.

रसाचे आकडे: ब्रिक्स (साखरेचं माप) २२, पीएच ३.३८, आम्लता लिटरला ७.८ ग्रॅम. नाशिककडच्या मंडळींना हे ऐकूनच दात आंबतील. तिकडे जानेवारी ते मार्चमध्ये, वाढत्या उन्हात घड उतरतात आणि आम्लता टिकवायची धडपड असते. इथे साखर भरेपर्यंत पाऊस आणि दव यांच्याशी शर्यत.

आता मूळ मुद्दा. या वाणाच्या मण्यांत मेथॉक्सिपायराझीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, तेच ढोबळी मिरचीत. लाल वाइनमध्ये लिटरला १०-१५ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. सर्वांत जास्त देठात, मग बियांत आणि सालीत, गरात नावाला. एकदा वाइनमध्ये उतरलं की वर्षानुवर्षं मुरवूनही फारसं कमी होत नाही. म्हणजे जे करायचं ते बागेत (फळधारणेनंतर लगेच घडांभोवतीची पानं काढून ऊन पोचवायचं) आणि देठांपासून मणी सोडवताना. यंत्रातून पडलेल्या मण्यांतले देठाचे बारीक तुकडे सासूबाईंनी तांदूळ निवडावेत तसे बसून निवडले. मग नको ते जंतू आवरायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अडीच ग्रॅम, दुसऱ्या दिवशी यीस्ट.

आंबायला लागल्यावर सालींचा थर वर येतो, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. तापमान २७ अंशांपर्यंत गेलं, तिथेच थांबवलं. सासूबाईंनी पिंपावर वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पीठ पेरलेल्या मिरचीची भाजी झाली!" तेव्हा मी हसले, पण या वर्षीची दिशा तिथेच ठरली: वास घालवायचा नाही, जेवणात त्याला जोडीदार शोधायचा.

नोव्हेंबर

हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) ०.९९४ वर, साखर संपली. चोथा हलक्या हातानेच दाबला. शेवटचा कडवट रस वेगळ्या बरणीत. एक २३ लिटरचा कारबॉय (अरुंद तोंडाचा मोठा बुधला) आणि एक चार लिटरची बाटली भरली. लहान बाटलीत फ्रेंच ओकचे भाजलेले तुकडे दहा ग्रॅम टाकले, तुलनेसाठी. (कुणी विचारण्याआधी: इथे अमेरिकेत एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघांच्या घराला २०० गॅलन घरच्यासाठी करता येते. विकता येत नाही.)

जानेवारी

आता आंबटपणा मवाळ करायचा. त्यासाठी झोंबऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक करणारे जिवाणू तळघरातल्या १४ अंशांत झोपून राहतात. म्हणून कारबॉयला गरम पट्टा बांधून २० अंशांवर ठेवलं. काम झालं की नाही ते कागदी क्रोमॅटोग्राफीने बघते. कागदाच्या खालच्या कडेला वाइनचे ठिपके, कागद गुंडाळून द्रावणाच्या बरणीत उभा, रात्रभर. द्रावणात ब्युटॅनॉल असतं, त्याचा वास असा की नवऱ्याने बाहेर बर्फ असताना खिडक्या उघडल्या. कागद वाळला की निळसर हिरव्यावर पिवळे डाग उमटतात: खाली टार्टारिक, मधे मॅलिक, वर लॅक्टिक. या खेपेला मधली जागा कोरी. म्हणजे झालं. साका खाली ठेवून वाइन वरच्यावर काढली, सल्फाइट दिलं. आता पीएच ३.५२, आम्लता ६.३.

एप्रिल

चव: लाल चेरी, रासबेरी, थोडी पेन्सिलच्या टोकासारखी शिसवट छटा, आणि मागे ती मिरची. कच्ची नाही, भाजलेली. टॅनिन (साली-बियांतून येणारा तुरटपणा) बारीक. ओकची बाटली शेजारी ठेवली तर पहिला घोट तिचा जास्त गोड वाटतो, पाहुण्यांना तीच आवडली. जेवताना मात्र व्हॅनिलाचा वास आडवा येतो. माझ्या मते या वाणावर ओक म्हणजे मेकअप. पुढच्या वर्षी नाही.

जेवणाचं सांगते, कारण इथेच खरी मजा आहे. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात, शिनोँकडे, या वाइनबरोबर शेळीच्या दुधाचं चीज खातात. तेही छानच. पण माझ्याकडे पहिला नंबर पीठ पेरून केलेल्या ढोबळी मिरचीच्या भाजीचा. बेसन आधी कोरडं खमंग भाजायचं, फोडणीत मोहरी-हिंग, मिरचीच्या कडा काळसर होऊ द्यायच्या, तिखट चिमूटभरच. भाजीतली आणि वाइनमधली मिरची एकमेकींना भेटतात आणि मग वाइनमधलं फळच पुढे येतं. भरीतही तसंच, वांगं थेट जाळावर भाजलेलं, शेंगदाणे, कांद्याची पात. खानदेशी पद्धतीने हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या तर मात्र सगळं बिघडतं. तिखटाने टॅनिन खरखरीत लागतं आणि अल्कोहोल घशाला झोंबतं. याच कारणाने तांबडा रस्सा नको, पांढरा चालतो: खसखस, नारळाचं दूध, अंगावरचं मटण. बांगडा अजिबात नको. वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात शिळ्या माशाची चव राहते.

बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून १५ अंशांच्या आसपास ओता. खोलीच्या उबेत ती ढिली लागते.

पुढे

ऑगस्टमध्ये बाटल्या भरेन. बागाईतदाराला सांगून ठेवलंय की या हंगामात एका ओळीत पूर्वेकडची पानं लवकर काढा, दुसरीत तशीच राहू द्या. दोन्हींची द्राक्षं वेगळी आंबवायची आहेत. कुणी नाशिक किंवा दिंडोरीकडे काबर्ने फ्रँक लावली असेल तर तुमच्याकडे ही मिरची किती उरते ते जरूर कळवा. उन्हाच्या हिशोबाने तिथे ती जवळजवळ नसावी असा माझा अंदाज आहे.