शिकाऱ्याची कोंबडी आणि अळणी पाव

मागच्या आठवड्यात ताप आला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी झाकलेलं पातेलं घेऊन दारात. फ्लोरेन्समध्ये दोन वर्षं झाली, पण 'बोंजोर्नो'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच गेली. पातेल्यात होती पोल्लो आल्ला काच्चातोरा, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची कोंबडी.

कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद परतायची, कोंबडीच्या तंगड्या लालसर करायच्या, वाइन ओतून आटवायची, मग टोमॅटो, रोजमेरी, काळे ऑलिव्ह घालून तासभर रटरटू द्यायचं. फोनवर आई म्हणाली, "आलं नाही, गरम मसाला नाही? मग कोंबडी मारली कशाला?" मी हो ला हो केलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोबत आला पाव. या पावाने माझं डोकं दोन वर्षं फिरवलंय. तोस्कानामधल्या, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतातल्या, पावात मीठच घालत नाहीत! त्याला म्हणतात पाने शोक्को. शोक्को म्हणजे या भागात अळणी आणि बाकी इटलीत मूर्ख. बाकी इटलीचंच बरोबर आहे. आपल्याकडे भाकरीत मीठ विसरलं तर सासूबाई आठवडाभर ऐकवतात, इथे बेकरीवाला अभिमानाने विकतो. मी गुपचूप वरून मीठ भुरभुरवते.

तापात प्रथिनं हवीतच. कातडी काढलेल्या शिजलेल्या मांडीच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 25 ग्रॅम मिळतात, लोह आणि जस्तही छातीच्या मांसापेक्षा जास्त. टोमॅटो तेलात शिजला की त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य अंगी जास्त लागतं. पण एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि आजींचा हात सढळ. त्याला म्हणायचं भूमध्य आहार, 2010 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत, आणि आमच्या रश्श्यावरचा तवंग मात्र कोलेस्टेरॉल! तेलाची जात वेगळी आहे, मान्य, कॅलरी तेवढ्याच. कातडी मी काढली नाही. आजारी माणसाने काय काय काढत बसायचं?

पातेलं रिकामं कसं परत करणार? तिखट निम्मं करून आपला रस्सा भरून दिला. आजींनी माझ्यासमोरच त्यात तो अळणी पाव बुडवला, तळ पुसून खाल्ला आणि एक तुकडा माझ्याही हातात दिला. खारट-तिखट रश्श्याबरोबर तो पाव कसा लागला, हे आईला अजून सांगितलेलं नाही.