अँब्युलन्स यायच्या आधी

जर्मनीच्या सहलीचं रीतसर वर्णन हवं असेल तर ते असं: नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा पाहिला (गर्दी, पुन्हा जाणार नाही), म्युनिकमध्ये पाऊस पाहिला, उल्मच्या चर्चच्या ७६८ पायऱ्यांपैकी निम्म्या चढून गुडघ्यांचं ऐकलं आणि खाली आलो. मला लिहायचंय ते उल्म सोडल्यानंतर लागलेल्या एका ट्रॅफिक जॅमबद्दल.

गाडी भाची चालवत होती. सई स्टुटगार्टजवळ राहते. आम्हा मामा-मामीला फिरवायचं म्हणून तिने शुक्रवारची अर्धी सुट्टी टाकली होती आणि शुक्रवारी दुपारी ए-८ महामार्गावर उतरायचं नसतं हे ठाऊक असूनही उतरली होती. रविवारी इथे ट्रकना बंदी असते, रात्री दहापर्यंत. त्यामुळे शुक्रवार-शनिवारी सगळ्या युरोपचा माल याच रस्त्यावरून जातो की काय असं वाटतं. उजवी लेन म्हणजे ट्रकांची सलग भिंत.

जर्मन लोकांच्या शिस्तीवर आपल्याकडे पुष्कळ भक्तिभावाने लिहिलं जातं, म्हणून आधी तक्रार. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गांच्या, बऱ्याच मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही. १३० हा फक्त सल्ला आहे, आणि सल्ला जितका पाळायचा तितकाच तो पाळला जातो. सई १३० ने ट्रक ओलांडत होती तेव्हा आरशात लांबवर एक काळा ठिपका दिसला. मी हिच्याकडून पाण्याची बाटली घेऊन वळतोय तोवर तो ठिपका आमच्या डिकीला चिकटला होता. नियम असा की वेगाच्या निम्मे मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे १३० ला ६५ मीटर. त्या गृहस्थाने दहासुद्धा ठेवलं नव्हतं. वर लाईट मारत होता. उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे, तेवढा नियम मात्र त्याने कटाक्षाने पाळला. सई शांतपणे ट्रक ओलांडून उजवीकडे आली, तो सूं करून गेला. मागच्या सीटवर हिचा जप सुरू झाला होता.

पुढे श्वाबिश आल्बचं पठार संपतं आणि रस्ता एकदम दरीत उतरतो. या उताराला द्राकेनश्टाइनर हांग म्हणतात. १९३० च्या दशकात बांधलेला तुकडा आहे. चढणारा रस्ता वेगळ्या डोंगरउतारावरून जातो, उतरणारा वेगळ्या. मुंबई-पुणे रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला लगेच घरच्यासारखं वाटतं, कारण इथेही घाट आहे, अरुंद आहे आणि कायम तुंबलेला आहे. दोन लेन. कडेला गाडी उभी करायला पट्टाच नाही, लगेच कठडा.

पहिल्याच वळणानंतर समोरच्या सगळ्या गाड्यांचे चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले. पुढे रांग थांबतेय हे मागच्याला सांगायची ही पद्धत. सईनेही बटण दाबलं. आणि मग ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते झालं.

आम्ही अजून थांबलोही नव्हतो. चालत माणूस पुढे जाईल एवढ्या वेगाने सरकत होतो. डाव्या लेनमधली प्रत्येक गाडी डाव्या कठड्याकडे सरकली आणि आमच्या लेनमधली प्रत्येक उजवीकडे. सईने चाकं पांढऱ्या पट्ट्यावर नेली. माझ्या खिडकीतून हात काढला असता तर कठड्याला लागला असता. पुढचा पोलंडचा ट्रक सरकला. त्याच्यापुढचा डच कारवान, मागे चार सायकली बांधलेला, तोही सरकला. सगळे थांबलो तेव्हा मधोमध एक मोकळी गल्ली तयार होती, वळणापर्यंत सरळ दिसणारी.

मी मागे वळून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. सायरन नाही, निळा दिवा नाही.

"अँब्युलन्स कुठेय?" मी विचारलं.

"माहीत नाही, मामा. असेल तर येईल."

"मग आत्तापासून कशाला?"

"आली की मग सरकायला जागा कुठे असते? सगळे नाकाला नाक लावून उभे असतात."

मग तिने उजवा पंजा पालथा करून काचेसमोर धरला. अंगठा डावीकडे ताणलेला, बाकीची चार बोटं जवळ. अंगठा म्हणजे सगळ्यात डावी लेन, ती डावीकडे सरकणार. उरलेल्या कितीही लेन असोत, त्या उजवीकडे. मधली फट अँब्युलन्सची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असंच शिकवतात म्हणाली. याला रेटुंग्सगासे म्हणतात. ऑस्ट्रियातही २०१२ पासून हाच नियम आहे.

पाऊण तास आम्ही तिथे होतो. पहिली दहा मिनिटं ती गल्ली नुसती रिकामी होती, आणि मी वाट पाहत होतो की आता कोणीतरी घुसेल. मला खात्रीच होती, कारण खंडाळ्याचा जॅम मी पाहिलेला आहे. तिथे अँब्युलन्सला वाट मिळते, नाही असं नाही. लोक हॉर्न ऐकून इंच-इंच बाजूला होतात, एखादा पोरगा उतरून पुढच्या गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत वाट करून देतो. पण अँब्युलन्स पुढे गेली की तिच्या मागे लगेच सात-आठ गाड्या शेपटासारख्या जातात. इथे डाव्या लेनमध्ये आमच्या बरोबरीला एक मोटरसायकलवाला होता, काळं लेदर जॅकेट, ऊन रणरणतं. मोटरसायकलनेही त्या गल्लीतून जायचं नसतं. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, घाम पुसला आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर मी असतो तर गेलो असतो.

मग मागून सायरन आला. पोलीस, त्यामागे अँब्युलन्स, मग अग्निशमन दलाची लाल गाडी. माझ्या अंदाजाने पन्नासच्या वेगाने गेल्या असतील, त्या घाटात, त्या तुंबलेल्या रांगेतून. एकालाही ब्रेक लावावा लागला नाही. हिने मागच्या सीटवर हात जोडले. माझ्या घशात काहीतरी आलं, ते मी पाणी पिऊन गिळलं. नंतर एक पिवळी टोईंगची गाडी गेली. तोपर्यंत कोणी हललं नव्हतं. पहिल्या गाड्या गेल्यावर गल्ली बुजवायची नाही, कारण मागून आणखी येतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

अपघाताच्या जागी पोहोचलो तेव्हा एक गाडी आडवी होती आणि एक बाई अंगावर सोनेरी चादर लपेटून कठड्यावर बसलेली. "मामी, मोबाईल खाली," सई म्हणाली. अपघातात गेलेल्यांचे फोटो काढणं इथे २०२१ पासून गुन्हा आहे. जिवंतांचे काढणाऱ्यांवरही पोलिसांचं लक्ष असतं.

रात्री सईच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे जेवण होतं. पिठलं, भात, ठेचा. मी ही हकिगत जरा जास्तच रंगवून सांगितली असेन. यजमान मान डोलवत म्हणाले, "काका, हे रक्तात असावं लागतं. आपल्याकडे शक्यच नाही."

हे वाक्य परदेशातल्या प्रत्येक मराठी जेवणात कुठल्या ना कुठल्या पदार्थाबरोबर वाढलं जातं, आणि मला ते पचत नाही. सईने वाटेतच मला सांगितलं होतं ते मी त्यांना ऐकवलं. जुलै २०१७ मध्ये म्युंशबेर्गजवळ ए-९ वर एक बस जळाली, १८ माणसं गेली. त्या दिवशी मदतीच्या गाड्यांना वाट नीट मिळाली नव्हती, लोक बघत बसले होते. याच रक्ताचे लोक. गल्ली न करण्याचा दंड तोवर २० युरो होता. त्याच वर्षी तो २०० झाला, वर लायसन्सवर शिक्षेचे दोन पॉइंट, आणि आता महिनाभर गाडीही चालवता येत नाही. सीटबेल्टचं तेच. १९७६ मध्ये सक्ती झाली, दंड लागला १९८४ मध्ये, आणि पट्टे खटाखट लागले ते त्यानंतर. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यावर १९ हजारांहून जास्त माणसं मेली होती. आता अख्ख्या देशात तीन हजारांच्या आत. एवढ्या वर्षांत रक्त बदललं का?

"पण आपल्याकडे दंड लावला तरी..." ते म्हणाले.

एकट्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, तेव्हा या "पण"ला अगदीच उत्तर नाही असं नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी विषय बदलून विचारलं, इथलं लायसन्स काढायला त्यांना काय खर्च आला?

तीन हजार युरोच्या आसपास, ते म्हणाले. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा. प्रथमोपचाराचा कोर्ससुद्धा.

"आणि रक्तात काय होतं?" मी.

ते हसले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "दोनदा नापास झालाय तो, काका! नाशकात बारा वर्षं गाडी चालवली होती म्हणून तोऱ्यात गेला. लेन बदलताना खांद्यावरून मागे वळून बघितलं नाही म्हणून पहिल्यांदा, आणि दुसऱ्यांदाही त्याचसाठी. अजून पिठलं वाढू का?"